खेकड्याची सावड

रविवारी तुमच्याबरोबर धबधब्याला मी येत नाहीये. नाही म्हणजे नाही! आणि का ते विचारू नका.

बरं, विचारा. तसंही तुम्ही सोडणार नाही. पण आधी चहा घ्या आणि ती खारी संपवा. मी एकदा सांगायला बसले की मध्ये कुणी कुरुमकुरुम केलेलं मला चालत नाही. हसायचंही नाही. म्हणजे हसा, पण माझं सांगून झाल्यावर.

आता माझ्या फजितीची सुरुवात कुठून करू? माझ्या तोंडापासूनच करते. सगळा घोळ त्यानेच घातला.

गेल्या वर्षी आम्ही इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. विद्यार्थ्यांच्या रोबो स्पर्धेला आमच्या कॉलेजचा संघ जाणार होता. स्पर्धेचा विषय होता भातलावणी. चिखलात उतरून भाताची रोपं लावेल असं यंत्र बनवायचं. संघ निवडताना सरांनी विचारलं, "शेतीतलं कुणाला काही कळतं का?" सगळे माना खाली घालून बसले. मी ताडकन उभी राहिले.

"सर, मी मावळची आहे. भाताच्या खाचरात वाढलेय मी!"

कसली डोंबलाची खाचरात वाढलेय! कामशेतच्या बाजारात आमच्या बाबांचं भांड्यांचं दुकान आणि वरच्या मजल्यावर आम्ही. भात मला माहीत होता तो कुकरमधला. इंद्रायणी, मऊ, चिकट, वर तुपाची धार. चपलेला चिखल लागला तर मी नळाखालून पाय काढायची नाही. पण मळवलीच्या आतल्या बाजूला आईचं माहेर, तिथे माझ्या रघुमामाची भातशेती. तेवढ्या नात्याच्या जोरावर मी संघाची कॅप्टन झाले.

आम्ही सहाजण होतो. त्यातले दोघे लक्षात ठेवा, बाकीचे तिघे बिचारे मुकाट्याने सांगितलं ते करायचे. एक ओंकार. पुण्याचा, उंच, प्रोग्रामिंग सगळं त्याचं. दुसरी रेश्मा. वेल्डिंगपासून गिअरपर्यंत सगळं तिचं. आणि माझं काय? मी कॅप्टन ना! बोलायचं काम माझं.

यंत्राचं नाव ठेवलं 'रोपमित्र'. चार मोठी पात्यांची चाकं, वर रोपांचा ट्रे, पुढे दोन चिमटे. चिमट्याने रोप उचलायचं, चिखलात खोचायचं, पुढे सरकायचं. लॅबमध्ये एका प्लॅस्टिकच्या टाकीत आम्ही कुंड्यांची माती कालवली होती, आणि त्यात हा पठ्ठ्या असा झकास चालायचा की आमच्या विभागप्रमुखांनी त्याच्याबरोबर सेल्फी काढला.

पण स्पर्धेचा नियम वेगळाच. शेवटची फेरी हॉलमध्ये नाही. परीक्षक प्रत्येक संघाच्या शेतात येणार आणि खऱ्या चिखलात यंत्र चालताना बघणार. म्हणजे आता खरं खाचर हवं. मी लावला मामाला फोन.

"मामा, आम्हाला एक खाचर पाहिजे. रोबो चालवायचाय."

"मग चालवा की! पर पूजे, आवणीचं दिस हायेत. गावात सावड चालू हाय. ऱ्हायचं तर तुमी समद्यांनीबी सावडीत यायला लागंल. चालंल का?"

"न चालायला काय झालं मामा? चालेल की!"

सावड म्हणजे काय, माहितीये का तुम्हाला? नाही ना? मलाही नव्हतं. मला वाटलं, असेल एखादा पावसाळी उत्सव, असेल काहीतरी गोडाधोडाचं. पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काय माती खात होते ते तुम्हाला नीट दिसेल.

आवणी म्हणजे भातलावणी. लावणीला मजूर मिळत नाहीत. कुणी बंगल्यावर कामाला, कुणी कंपनीत. म्हणून गाव एकमेकांच्या मदतीने लावणी उरकतं. आज सगळे माझ्या खाचरात, उद्या सगळे तुझ्या. यात पैशाची बातच नाही. तू माझ्या शेतात हात लावलास, की मी तुझ्याकडे एक दिवस यायचंच. ताप असो, पाहुणे असोत, यायचं. जो येणार नाही त्याने सावड मोडली, आणि सावड मोडणाऱ्याच्या बांधावर पुढे कुणी फिरकत नाही.

तर आम्ही टेम्पोतून यंत्र घेऊन मामाकडे पोचलो. मामा शेतीबरोबर मुंबईच्या एका कुटुंबाचा बंगलाही राखतो. त्या बंगल्यामागच्या खोलीत आमची सोय झाली. मामीने टेम्पोतून उतरणारी सहा माणसं पाहिली, मग यंत्र पाहिलं.

"एवढुशा यंत्राला एवढी मान्सं?" ती म्हणाली.

मी हसून सोडून दिलं. घरच्यांना कधी आपली किंमत असते का, तुम्हीच सांगा!

दुसऱ्या दिवशी सकाळी रोपमित्र खाचरात उतरला. आजूबाजूच्या खाचरांत लोकांची लावणी चालली होती. तिथली माणसं कंबर सरळ करून बघायला लागली. एक चाक जरा घसरत होतं, त्यामुळे आमचं यंत्र सरळ जायच्या ऐवजी तिरकं तिरकं निघालं.

"अरं, ह्यो तर खेकडा!" शेजारचे दगडूआबा बांधावरून ओरडले.

झालं! सहा महिने डोकं लावून ठेवलेलं नाव एका क्षणात पुसलं गेलं. त्या दिवसापासून गावात कुणी रोपमित्र म्हणालं नाही. पुढे पुढे आम्हीही नाही.

पण पहिली ओळ लागली! खरंच लागली! आम्ही टाळ्या पिटल्या, ओंकारने व्हिडिओ काढला. दुसऱ्या ओळीला वळताना एक चाक रुतलं. मग दुसरं. आणि मग आमच्या डोळ्यांदेखत खेकडा सावकाश, अगदी निवांत, चिखलात बसला.

"ओंकार, काय झालं?"

"सिग्नल जातोय गं. तोच येत नाहीये."

आम्ही सहाही जण उतरलो. ओढतोय, ढकलतोय, काही नाही. यंत्र राहिलं जागेवर आणि आमचेच पाय पोटरीपर्यंत गेले. शेवटी मामाने तोंडाजवळ हात धरून हाक दिली, "ओ आबाऽ! या की जरा हिकडं!"

हातातली रोपं ठेवून तिघं आले. एक हे दगडूआबा. दुसरे गौतमभाऊ, नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कंपनीत कामाला, लावणीसाठी रजा टाकून आलेले. आणि तिसरी सखूमावशी. एकटी बाई, लेकी लग्न होऊन गेलेल्या, शेती स्वतः करते. जीभ अशी की तिच्यापुढे माझी जीभ बालवाडीत. तिघांनी पदर खोचला, बाह्या सारल्या, आणि बघता बघता खेकडा बांधावर!

"आमच्या कंपनीतबी रोबो हायेत," गौतमभाऊ हात धुता धुता म्हणाले. "पर ते जागचं हलत न्हाईत. म्हनून बरं चाललंय त्यांचं."

मी याकडे दुर्लक्ष केलं. कारण सखूमावशी माझ्याजवळ आली होती.

"मग पोरी, आमच्याकडं कदी येताय लावनीला?"

आता काय सांगू तुम्हाला, माझी छाती केवढी फुगली! पहिल्याच दिवशी, आणि तेही यंत्र रुतलेलं असताना, गावातून बोलावणं! लोकांना लावणीच्या दिवशी आपला रोबो बघायचाय!

"तुम्ही म्हणाल तेव्हा मावशी!"

"समदी येताल न्हवं?"

"म्हणजे काय! सगळी टीम घेऊन येते!"

"बेस्तरवारी या मग."

"गुरुवारी आलोच समजा!"

"आन आमच्याकडं?" गौतमभाऊ म्हणाले. "माझी रजा शनवारपातूर हाय."

"शुक्रवारी तुमच्याकडे!"

"या की. यंत्र घरी ठिवलं तरी चालंल."

इथे माझ्या टाळक्यात उजेड पडायला हवा होता की नाही? पडला नाही. मी म्हटलं, हे कंपनीत रोजच रोबो बघतात, यांना काय नवल! आणि लगेच शनिवार दगडूआबांना देऊन टाकला. मामा बांधावर उभा राहून सगळं ऐकत होता. मिशीतल्या मिशीत हसत होता. मला वाटलं, भाचीचं कौतुक वाटतंय.

त्यानंतर रोज तेच. खेकडा एक ओळ लावायचा, दुसऱ्या ओळीला वळायचा आणि बसायचा. रोज तेच तिघे येऊन त्याला काढायचे. मी रोज म्हणायची, "येतो हं आम्ही तुमच्याकडे, नक्की!" आबांनी तर आपल्या भावाच्या खाचराचंही विचारून घेतलं. मी तेही कबूल केलं! मला कुणी विचारलं आणि मी नाही म्हणाले, असं तुम्ही कधी पाहिलंय?

मी टीमची मीटिंग घेतली. "मागणी आहे आपल्याला! गावात आपले शो लागलेत!"

"पण गौतमभाऊ तर म्हणाले, यंत्र नको," रेश्मा म्हणाली.

"तुला माणसांची नस कळत नाही रेश्मा. तू गिअर बघ," मी फटकारलं.

पुढचं ऐका. लोणावळ्याहून आम्ही शोसाठी टी-शर्ट छापून आणले. पांढरेशुभ्र! छातीवर 'रोपमित्र'. ओंकारने लॅपटॉपवर माहितीचं सादरीकरण बनवलं आणि खाचरात प्रोजेक्टर लावता येईल का म्हणून मामाला विचारून आला. मामा म्हणाला, "इचारतो सखूला."

बुधवारी संध्याकाळी स्पर्धेच्या लोकांचा फोन आला. परीक्षक उद्या दुपारी येणार. उद्या म्हणजे गुरुवार. मी आनंदाने उडीच मारली. सखूमावशीकडे आपला शो आहेच, प्रेक्षक आयते जमलेले, परीक्षकांना तिथेच आणू! याला म्हणतात नियोजन.

गुरुवारी सकाळी केस विंचरून, पांढरे टी-शर्ट घालून, खेकड्याला चारी बाजूंनी उचलून आम्ही मावशीच्या बांधावर हजर. खाचराची चिखलणी झालेली. रोपांच्या जुड्या जागोजागी टाकलेल्या. आबा, गौतमभाऊ, मामा, मामी ओळीने उभे. आणि त्या ओळीत मध्येच सहा जणांची जागा मोकळी.

मावशीने आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हे असलं कापडं कशाला घातल्यात?"

"कार्यक्रमाला मावशी! बरं, लोक कुठे बसणार?"

"कोन लोक?"

"बघायला येणारे."

"काय बघायला?"

"आमचा शो!"

मावशीने मामाकडे पाहिलं, मामाने आभाळाकडे पाहिलं. मग मावशीने एक जुडी उचलली आणि माझ्या हातात कोंबली. "ह्ये धर. तू हितं. त्यो लांबडा तितं. बाकीची मधी."

तेव्हा, तेव्हा कुठे मामाने मला बाजूला घेऊन सावड समजावून सांगितली.

"मामा, तुला माहीत होतं हे सगळं?"

"व्हय की! फोनवरच इचारलं व्हतं तुला, चालंल का म्हनून. तू म्हनलीस, चालंल. वर रोज ह्याला हो, त्याला हो. मी म्हनलं, पोरीला शेतीची गोडी लागली!"

मी मावशीकडे धावले. "मावशी, आज आमचे परीक्षक येणार आहेत हो. आम्ही नको, रोबो लावेल ना तुमची रोपं!"

"आन त्यो रुतला की? त्याला काढाया म्होरल्या सालापातूर सावड घिऊ का?"

सगळं खाचर हसलं. मावशी मात्र हसली नाही. ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "पोरी, तुमी सहाजन येनार म्हनून मी दुसऱ्या कुनाला बोलावलं न्हाई. रोपं उपटून बसलीया. आज न्हाई लागली तर वाया जात्यात."

खरं सांगते, त्या क्षणी माझं तोंड बंद झालं. जन्मात पहिल्यांदा. त्या बाईने आपली कामं टाकून रोज आमचं ते धूड उपसलं होतं, आणि मी तिला शोच्या तारखा वाटत होते! मला फार वाईट वाटलं. त्यात मामा मागून म्हणाला, "आज तुमी उतरला न्हाईत तर रविवारी माझ्या मोठ्या खाचरात कोनी येनार न्हाई. आन त्येंचं काय चुकंल?"

"पण पूजा, परीक्षक..." ओंकार म्हणाला.

"उतरा!" मी ओरडले. "परीक्षक आले की बघू. उतरा खाली!"

आणि आम्ही उतरलो. पांढरे टी-शर्ट घालून.

मंडळी, भात खाणं आणि भात लावणं यात किती अंतर आहे ते मला विचारा! वाकायचं, खोचायचं, एक पाऊल मागे, पुन्हा वाकायचं. थोड्या वेळाने माझी कंबर मला ओळख दाखवेना. माझी ओळ सुरू झाली मामीच्या बाजूने आणि पोचली आबांच्या पुढ्यात. मी लावलेली रोपं मागे वळून बघावीत तर काही आडवी, काही तरंगताहेत, आणि सखूमावशी माझ्या मागून येऊन एकेक पुन्हा लावतेय.

"पूजे, खाचरात वाढलीस म्हनं तू?" मावशी म्हणाली. हे तिला कुणी सांगितलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. रेश्मावर संशय आहे. रेश्माचा हात सरसर चालत होता आणि मावशी तिला सारखी शाबासकी देत होती.

ओंकारची एक चप्पल चिखलाने गिळली, ती गेलीच. मध्येच पावसाची सर आली. मावशी लगबगीने बांधावर गेली आणि आपलं इरलं काढून खेकड्याच्या डोक्यावर घातलं. "भिजतंय बिचारं," म्हणाली. आम्ही सहाजण निथळत होतो, तिकडे तिने बघितलंसुद्धा नाही!

आणि नेमके तेव्हाच परीक्षक आले. छत्री घेतलेले एक सर आणि फाईल घेतलेल्या एक मॅडम. त्यांना काय दिसलं असेल? रोबो बांधावर इरलं पांघरून उभा, आणि रोबो बनवणारे खाचरात वाकून हाताने भात लावताहेत.

मी धावत गेले. नमस्कार केला तर कोपरापर्यंत चिखल.

"यंत्र बंद आहे का?" सरांनी विचारलं.

आता सरळ खरं सांगायचं ना? पण माझं तोंड! ते पुन्हा सुरू झालं. "नाही सर, तुलनेसाठी! आधी माणसांकडून लावणी, मग यंत्राकडून. म्हणजे फरक मोजता येतो."

"वा! फारच शास्त्रशुद्ध," मॅडम म्हणाल्या आणि फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. मागे ओंकारला ठसका लागला.

सरांनी मावशीला हाक मारली. "मावशी, तुम्ही सांगा. हे यंत्र उपयोगाचं वाटतं का?"

"लय उपयोगाचं!" मावशी कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "मजूर मिळंनात सायेब. आन ह्या एका खेकड्यापायी सहा शिकल्याली पोरं चिखलात उतरली की! आता ह्येला दरसाल आनायचा."

सर छत्रीआड तोंड लपवून हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "चला, आता यंत्राची लावणी दाखवा."

खेकडा उतरला. देवाशपथ सांगते, पहिली ओळ इतकी सुरेख लावली त्याने! मागे बगळेसुद्धा चालायला लागले. मावशी म्हणाली, "आगं बया, बेस लावतोय की!" मला भरून आलं. मग तो दुसऱ्या ओळीला वळला.

एक चाक. दुसरं चाक. आणि बसला.

सवयीने तिघं पुढे सरसावले. आबांनी हातातली जुडी टाकली, गौतमभाऊंनी बाह्या सारल्या, मावशीने पदर खोचला. आणि माझ्या डोळ्यांपुढे शुक्रवार, शनिवार, सोमवार, मंगळवार, सगळे वार फिरले. मी दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिले.

"थांबा! कुणीही हात लावायचा नाही!"

"आगं, रुततंय त्ये!" गौतमभाऊ म्हणाले.

"रुतू दे!"

मॅडम घाबरल्या. "काय झालं? सुरक्षेचा काही प्रश्न आहे का? शॉक वगैरे?"

"हो मॅडम," मी म्हटलं. "माझ्या सुरक्षेचा आहे."

आम्ही सहाजणांनी जोर लावला. खेकडा हलायचं नाव घेईना. तो इंचाइंचाने खाली, आमच्या मेहनतीसकट. तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी आलं आणि एका बाजूने यंत्र धरलं. बघते तर सर! छत्री बांधावर, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. "हं, लावा जोर," म्हणाले. आणि निघाला की बाहेर!

मी इतकी खूश झाले! सर काही गावचे नाहीत. त्यांची कुठली सावड!

सरांनी खाचराच्या पाण्यात हात धुतले. मावशीकडे बघून जरासे हसले. मग मला म्हणाले, "माझंही एक खाचर आहे बरं का, पवनेच्या बाजूला. यंदाची लावणी झाली आमची. पुढच्या वर्षी कधी येताय?"

तुम्हाला वाटेल, आता तरी ही शहाणी झाली असेल. अहो, अर्ध्या दिवसापूर्वी शिकले होते मी! कंबर मोडलेली होती, टी-शर्टवरचा 'रोपमित्र' चिखलात बुडाला होता. आणि माझ्या तोंडून काय निघालं?

"तुम्ही म्हणाल तेव्हा सर! सगळी टीम घेऊन येते!"

ओंकार तिथेच चिखलात बसला.

स्पर्धेचं म्हणाल, तर लोणावळ्याच्या हॉलमध्ये बक्षीस समारंभ झाला. आम्हाला काही मिळालं नाही, उत्तेजनार्थसुद्धा नाही. पण सरांनी माईकवरून मावशीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, आणि हॉलमध्ये सगळ्यांत जास्त टाळ्या तिला पडल्या. त्याआधी आम्ही शुक्रवारी गौतमभाऊंकडे, शनिवारी आबांकडे लावणी केली. रविवारी मामाच्या मोठ्या खाचरात अख्खी आळी आली. रोपं लागत गेली आणि मामा एका बांधावरून दुसऱ्या बांधावर नुसता पळत होता. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आबांच्या भावाचं खाचरही आम्ही लावून दिलं. निघताना सखूमावशीने माझ्या हातावर तांदळाची पिशवी ठेवली.

"मावशी, झाली ना आता सावड पुरी?"

"समद्यांची झाली. तुझी मी आर्धी धरलीया. निम्मं तर मीच फिरून लावलं. ऱ्हायल्याली म्होरल्या साली."

तर ही ती अर्धी. ती या शनिवारी आहे.

आणि रविवारचं? परवा फोन वाजला. बघते तर छत्रीवाले सर! कॉलेज संपलंय, मी नोकरी शोधतेय, हे तुम्हाला माहितीच आहे. मी म्हटलं, आली नोकरी! सरांना आपली हुशारी लक्षात राहिली! आवाज एकदम गोड करून मी म्हणाले, "बोला ना सर."

"रोपं तयार आहेत," सर म्हणाले. "रविवारी येताय ना, सगळी टीम घेऊन?"

पण टीम आहे कुठे? ओंकार बंगळूरला आहे आणि माझे फोन उचलत नाही. रेश्माला कंपनीतून सुट्टी नाही. बाकीचे तिघे, तुम्हाला म्हटलं ना, मुकाट्याने सांगितलं ते करायचे. आता मुकाट्याने गायब झालेत. म्हणून तर आज तुम्हा सगळ्यांना चहाला... अरे, उठलात काय? बसा की! खारी आहे अजून! धबधबा काय, पुढच्या महिन्यातही असतो! अहो!

गेले सगळे. बघितलंस ना कसे पळाले? तू एकटीच राहिलीस वैशाली. खरी मैत्रीण गं माझी. येशील ना रविवारी?

काय? येतेस? पण पुढच्या रविवारी तुमचं घर बदलायचंय? सामान बांधायला मी कधी येतेय म्हणतेस?

तू म्हणशील तेव्हा! सगळी टीम घेऊन येते!